दोन इंच खाली

किसनकाकांवर आयुष्यात निवडानिवड करायची वेळ फारशी आलीच नव्हती. गाडी कुठे थांबवायची ते पोरांच्या आया ठरवायच्या, किती वाजता आणायची ते शाळा ठरवायची आणि घरात काय व्हायचं ते बायको, माया, ठरवायची. त्यामुळे उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, तुळशीशेठच्या गॅरेजात स्टुलावर बसलेले असताना 'गाडी खाली घ्यायची की चाकं मोठी टाकायची' असा रोखठोक सवाल आला, तेव्हा त्यांना घामच फुटला. डोक्यावर पंखा चालू होता, तरीसुद्धा.

गाडी म्हणजे त्यांची मारुती व्हॅन. कागदावर रंग पांढरा लिहिलाय म्हणून पांढरी म्हणायची, एवढंच. बदलापूरला कात्रपमधल्या सोसायट्यांतून पोरं उचलायची, शाळेच्या फाटकात ओतायची, आणि दुपारी तीच पोरं, शर्ट बाहेर आलेली, डब्यांची झाकणं हरवलेली, घरोघर पोचती करायची, हा त्या गाडीचा वीस वर्षांचा संसार. यंदाच्या जूनमध्ये शाळेने स्वतःच्या पिवळ्या बस घेतल्या आणि तो संसार आटोपला. गाडीचं पासिंग डिसेंबरात संपत होतं. पुन्हा पासिंग करण्यात राम नाही, असं काकांचा मुलगा सम्यक म्हणाला होता. काकांनी मान हलवली होती, आणि भंगारवाला टायरला लाथ मारून अंदाजही घेऊन गेला होता.

मग अशा मोडीत निघालेल्या गाडीला साजशृंगार कशाला? तर एका लग्नासाठी. आणि लग्न काही घरचं नव्हतं.

महिन्याभरापूर्वी काकांना फोन आला. "काका, ओळखलंत का? सुयोग सोसायटीतली श्रद्धा."

ओळखायला काय झालं! सुयोग म्हणजे तिसरा थांबा. श्रद्धा सातवीपर्यंत व्हॅनमध्ये होती, मग तिला सायकल मिळाली आणि पुढे सगळ्या पोरांचं होतं तेच झालं. पोरं मोठी होतात, काकांच्या बाजूने सायकलवरून जाताना आधी हात करतात, मग नुसतं हसतात, मग मोबाइलमध्ये बघत जातात. काकांनी कधी मनाला लावून घेतलं नाही, असं ते सांगत. शिक्षकांना निदान शिक्षकदिनी फूल मिळतं. व्हॅनवाल्या काकांचा दिवस कॅलेंडरात नसतो.

"पुण्याला असते मी काका, नोकरीला. लग्न ठरलंय माझं. तुम्ही अजून गाडी चालवता ना?"

"चालवतो की!" काका धडधडीत खोटं बोलले.

"मग ऐका. मला घरून हॉलवर तुम्हीच न्यायचं. आणि लग्न लागल्यावर अंबरनाथला सासरीसुद्धा तुम्हीच सोडायचं. फुलं लावलेली भाड्याची गाडी नकोय मला."

काकांनी ही बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगितली. किराणावाल्याला तर दोनदा. मायाने "अहो, जरा दमानं" म्हटलं, पण तिलाही आनंद लपवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी श्रद्धाच्या आईचा, सुनंदाताईंचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या, फक्त घाबरट होत्या. आणि घाबरट माणूस नेमकं लागेल असंच बोलतो. "किसनभाऊ, हट्टच धरून बसलीय ती, म्हणून आम्ही हो म्हटलं. फक्त गाडी जरा बरी दिसेल एवढं बघा हं. मुलाकडचे लोक येणार, त्यांच्या मोठ्या गाड्या असणार. काहीतरी शोभायला पाहिजे ना."

"बघतो ताई," काका म्हणाले.

सम्यकचं आनंदनगरच्या एमआयडीसीत काम होतं. तो शिफ्ट करून आला, जेवता जेवता त्याने सगळं ऐकलं आणि सहज बोलून गेला, "पप्पा, तुम्हाला कळत नाहीये. ती रीलसाठी बोलावतेय. जुनी स्कूलव्हॅन, व्हॅनवाले काका, एकदम व्हिंटेज. हल्ली चालतं हे. दोन दिवस लाइक येतात, तिसऱ्या दिवशी कोण काका नि कोण व्हॅन."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण काकांचा घास तिथेच अडला. रात्रभर तेच डोक्यात. म्हणजे आपण कोण? पोरीला आपली आठवण आली म्हणून फोन आला, की फोटोत मजेदार दिसतो म्हणून? विचारणार तरी कुणाला! श्रद्धाला विचारावं तर ती "नाही नाही" म्हणणार, आणि त्याने खरंखोटं काहीच कळणार नाही. शेवटी काकांनी एवढंच ठरवलं, की का बोलावलंय ते तिचं तिला ठाऊक. आपली गाडी बघून मांडवात कुणी नाक मुरडता कामा नये, आणि त्यापायी पोरीला खाली बघायला लागता कामा नये.

म्हणून ही तुळशीशेठच्या दारची वारी. तुळशीशेठ म्हणजे कॅम्पातला सिंधी माणूस. वडिलांचं सायकलचं दुकान त्याने वाढवून गाड्या सजवायचं गॅरेज केलं होतं. व्हॅनचं पहिलं सीटकव्हर त्यानेच शिवून दिलेलं, त्यामुळे गाडीची कुंडली त्याला पाठ होती.

"देखो किसनभाई," तो म्हणाला, "रंग मारतो, पॉलिश करतो, सीट नवा करतो. वो सब हो गया समझो. पण लूक पाहिजे तर दोनच रस्ते. एक, मोठा अलॉय टाका. गाडी उंच, रुबाबदार. दुसरा, गाडी नीचे घ्या. पुढे छोटी स्प्रिंग, मागे कमानीचा एक पट्टा कमी. दोन इंच खाली बसेल, एकदम चिपकून चालेल. पण दोन्ही नाही होणार हां साईं. मोठा चाक टाकून गाडी नीचे केली, तर टर्न मारताना टायर मडगार्ड खाणार."

"अलॉयच टाका," सम्यक लगेच म्हणाला. "पप्पा, हॉलच्या बाहेर उभी राहिली ना, लोक आधी चाकं बघतात. आणि खाली घेऊन काय करणार? कात्रपचे स्पीडब्रेकर बघितलेत ना? पोट घासेल."

पोरगा बोलत होता ते खरंच होतं. तुळशीशेठनेही मान डोलावली. "नीचे तो कॉलेजवाले छोकरे करवाते हैं. तुमच्या उमरला अलॉय शोभेल."

मायाचं मत काकांनी फोनवरून घेतलं. "एवढ्याशा गाडीला एवढाली चाकं? नाकापेक्षा मोती जड व्हायचा," ती म्हणाली, आणि तिकडे कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

"चहा घ्या, विचार करा," तुळशीशेठ म्हणाला. काका चहाचा ग्लास घेऊन उठले आणि आपल्याच गाडीचा सरकता दरवाजा उघडून तिच्या पायरीशी उभे राहिले. अलॉयकडे त्यांचं मन झुकलं होतं. चाकं झगझगीत होती, डोळ्यांत भरणारी होती. पण पायरीकडे नजर गेली आणि विचारांनी भलतीच वाट धरली.

व्हॅनची पायरी मोठ्या माणसाला काहीच नाही, पण केजीतल्या पोराच्या ती छातीशी यायची. म्हणून काका सकाळी खाली उतरायचे, एकेका पोराला बखोटीला धरायचे आणि उचलून आत ठेवायचे. पोरं दप्तरासारखी निमूट आत जायची. कुणी झोपेतच असायचं, कुणाच्या तोंडात अजून शेवटचा घास. एकाचा दात गाडीतच पडला होता आणि तो सापडेपर्यंत काकांनी अख्खी व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी करून ठेवली होती, कारण दात उशीखाली ठेवायचा होता. परीक्षेच्या दिवशी पाढ्यांचा गजर चालायचा. शनिवारी परतताना भेंड्या. एका बाकावर चार असायची, खरं तर पाच, पण ते कुणाला सांगायचं नाही असं पोरांचं आणि काकांचं ठरलेलं होतं.

श्रद्धा मात्र पहिल्याच दिवशी उचलू देईना. "माझी मी!" एवढंच म्हणाली. पायरीवर आधी दोन्ही तळवे टेकले, मग एक गुडघा, मग दुसरा, आणि धुळीने माखून एकदाची आत गेली. वरून सुनंदाताई गॅलरीतून ओरडत होत्या, "अहो भाऊ, फ्रॉक बघा तिचा!" काकांनी मदतीला हात लावला तर ही बया परत खाली उतरली आणि पहिल्यापासून चढायला लागली. पुढचे थांबे खोळंबले. तेव्हापासून काकांनी एक युक्ती केली. ती चढत असताना तिच्या पाठीमागे, लागणार नाही असा, हात धरून उभं राहायचं. पडली तर झेलायला. तिला कधी कळलं नाही. ती कधी पडलीही नाही. पण वर्ष-दीड वर्ष रोज सकाळी काकांचा तो हात तसा हवेत असायचा, आणि ती आत जाऊन बसली की त्यांना उगाच आपणच काहीतरी जिंकल्यासारखं वाटायचं.

चहा गार झाला. काकांच्या डोळ्यांसमोर ती पायरी, त्यावर जड शालू, हातभर चुडा आणि चढणारी श्रद्धा. पोरगी काही हात लावू द्यायची नाही.

"खाली घे," ते म्हणाले.

"पप्पा!" सम्यकने कपाळावर हात मारला.

"शालू असतो अंगावर. पायरी उंच पडेल तिला. खाली घे तुळशी, दोन इंच."

मायाने घरी आल्यावर विचारलं तेव्हाही त्यांनी शालूचंच कारण सांगितलं. आतलं कारण त्यांना स्वतःलाही धड माहीत नव्हतं. एखादं माणूस मनात एकदा जेवढं असताना साठवलं, तेवढंच ते तिथे राहतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी काका नवा शर्ट घालून सुयोगच्या फाटकाशी उभे राहिले. व्हॅन खरोखर शोभत होती. रंग दुधासारखा, सीट लालचुटुक आणि गाडी जमिनीलगत बसलेली, मांजर दबा धरून बसतं तशी. वॉचमनसुद्धा दोनदा फेरी मारून बघून गेला. सवयीने काकांनी दोन हॉर्न दिले. वरून कुणीतरी हसलं.

आणि जिन्यातून नवरी खाली आली. काका बघतच राहिले. त्यांच्यापेक्षा ती चांगली चार बोटं उंच होती. वर पुन्हा उंच टाचांच्या चपला, आणि त्याच्यावर हा एवढा अंबाडा, मोगऱ्याच्या वेण्यांनी गुंडाळलेला.

"काका!" म्हणत ती आली आणि भर फाटकात वाकून पाया पडली. काका "अगं, अगं" करेपर्यंत उठलीही. मग तिने सरकता दरवाजा स्वतःच ओढला, पायरीवर झोकात पाऊल टाकलं, आणि खाडकन अंबाडा छताच्या कडेवर आदळला. वेणी तुटली. मोगऱ्याच्या कळ्या पायरीवर सांडल्या. गाडी दोन इंच खाली घेतली म्हणजे पायरी दोन इंच खाली येते, हे काकांनी बघितलं होतं. छतही दोन इंच खाली येतं, हे ध्यानात आलंच नव्हतं.

"अरे देवा!" सुनंदाताईंनी तोंडावर हात ठेवला. श्रद्धाची आतेबहीण प्राची पिना शोधायला धावली. काकांचा चेहरा काळाठिक्कर पडला. गाडी बरी दिसेल एवढं बघा म्हणाल्या होत्या, आणि आपण नवरीचं डोकं फोडायला निघालो!

श्रद्धा डोकं चोळत हसत होती. "काका, गाडी लहान झाली का हो?"

"खाली घेतली," काका पुटपुटले. "तुला चढायला उंच पडेल म्हणून."

"मला?" ती म्हणाली. आणि मग तिला काय समजलं कोण जाणे, हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे भरून आले. ती वाकली, मान अगदी खाली घातली आणि आत जाऊन बसली. काजळ पुसण्यासाठी प्राचीला आणखी दोन मिनिटं लागली. काका ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले आणि आरसा नीट करण्याच्या निमित्ताने समोर बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं. पोरगी मोठी झाली याचं नाही; ती मोठी होत असताना आपण कुठेच नव्हतो, याचं.

हॉलवर सगळं रीतसर पार पडलं. फोटो निघाले, रीलही निघालं. त्यात काकांना दरवाजा तीन-तीनदा उघडायला लावला, आणि लग्नाला आलेल्या सम्यकने कोपऱ्यातून 'बघा, सांगितलं नव्हतं?' अशी नजर टाकली. काका हसले आणि उघडत राहिले. जेवणाच्या पंगतीत त्यांना कुणीतरी ड्रायव्हर लोकांच्या टेबलाकडे वळवलं, तिथेही ते निमूट बसले. मठ्ठा छान होता.

संध्याकाळी पाठवणी झाली. सुनंदाताई रडल्या, श्रद्धाचे बाबा श्यामकांत कोरड्या डोळ्यांनी रडले, आणि व्हॅन अंबरनाथ पूर्वेला निघाली. मागे नवरानवरी, सोबत पाठराखीण म्हणून प्राची, आणि पायाशी भांडीकुंडी, फळांच्या टोपल्या. एवढं ओझं पडल्यावर गाडी आणखी बसली. पहिल्याच स्पीडब्रेकरला खालून असा खर्रर्र आवाज आला की नवरदेव शौनक दचकून म्हणाला, "काका, काही तुटलं का?"

"नाही साहेब. जरा उतरता का?"

मग वाटेतल्या प्रत्येक मोठ्या स्पीडब्रेकरला फेटा बांधलेला नवरदेव आणि प्राची खाली उतरत, गाडी अलगद पलीकडे जाई, आणि दोघं पुन्हा आत चढत. श्रद्धाही उतरायला निघाली, तर काका म्हणाले, "तू बस. डोकं आपटेल." रिक्षावाले थांबून बघत होते. एकाने नवरदेवाला विचारलं, "भाऊ, धक्का देऊ का?" शौनक बिचारा हसून हसून बेजार झाला. पोरगा चांगला होता. त्या सगळ्या तमाशात तो एकदाही वैतागला नाही, हे काकांनी आरशातून नीट बघून घेतलं.

शौनकच्या इमारतीखाली बायका ओवाळायला उभ्या होत्या. काकांनी सामान उतरवलं. आता निघायला हवं होतं, पण पाय हलेनात. आणि तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. वीस वर्षांत त्यांनी किती पोरं कुठेकुठे सोडली असतील, पण ज्याला सकाळी सोडलं, त्याला दुपारी परत घरी आणलंच होतं. एकसुद्धा पोर मागे ठेवलं नव्हतं. आज पहिल्यांदा ते एका मुलीला सोडून रिकाम्या गाडीने परत जाणार होते. उद्या-परवा गाडीही जाणार. काकांनी रुमाल काढला आणि उगाचच स्टिअरिंग पुसलं.

श्रद्धाच्या सासूबाई आरतीचं ताट सांभाळत म्हणाल्या, "बरं, मांडवपरतणीचं ठरवून टाका गं आत्ताच. बुधवार चांगला आहे. हिला माहेरी न्यायला मुराळी कोण येणार? भाऊ तर नाही ना हिला?"

प्राचीने तोंड उघडलं, पण तिच्याआधीच श्रद्धा म्हणाली, "किसनकाका येतील."

सगळ्यांनी वळून बघितलं. काका किल्ली हातात धरून तसेच उभे.

"आईबाबांशी आधीच बोललेय मी," श्रद्धा म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, अगदी व्हॅनची वाट बघणाऱ्या पोरीच्या सुरात, "काका, बुधवारी दहाला. मी खाली येऊन उभी राहते. उशीर करू नका."

फोटोवाला तर केव्हाच निघून गेला होता. कुणी मोबाइलसुद्धा वर धरलेला नव्हता.

"मुराळ्याला आमच्याकडे जेवल्याशिवाय सोडत नाहीत हं," सासूबाई म्हणाल्या. "दहाला आलात तरी जेवूनच निघायचं. गोड काय खाता?"

"काहीपण," काका कसेबसे म्हणाले. ते घाईने गाडीत बसले आणि कोपऱ्यावर वळल्यावर, जिथून कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, गाडी बाजूला घेऊन मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीशेठने शटर वर केलं, तर दारात व्हॅन उभी.

"क्या हुआ किसनभाई? भंगारमध्ये देणार होता ना?"

"नाही देत. पासिंगचं बघतो. तू आधी ही वर घे, जशी होती तशी."

"अरे साईं, परवा नीचे, आज उपर? एवढी छान बसलीय, राहू दे ना."

"नाही. वाटेत स्पीडब्रेकर आहेत, आणि दरवाज्याला तिचं डोकं लागतं," काका म्हणाले. "बुधवारच्या आत करून दे. लेक आणायचीय."